वन्सं आणि हिरवा चुडा

थांब थांब थांब! देवयानी, ती हळदीची वाटी खाली ठेव. आधी ठेव, मग हस. कोणी आणली ही कँटीनमध्ये? तूच? तुझं केळवण आहे, तुला हौस असणारच गं, पण इथे सगळं चालतं, वरणबट्टी चालते, उखाणे चालतात, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या नावानं वाट्टेल तितकं चिडवणं चालतं, फक्त हळद चालत नाही. हळद फाटकाच्या बाहेर. नियमच आहे. आणि तो माझ्यामुळे झालाय, म्हणजे माझ्या आणि हेमांगीमुळे, म्हणजे खरं तर वन्संमुळे.

कोण वन्सं म्हणजे? अगं, तुला कोणी सांगितलंच नाही? बस. बट्टीवर तूप घे आणि ऐक.

तू टिश्यूकल्चरच्या बाजूला आहेस, तिकडे सगळं गोड गोड, बाटलीत इवली इवली रोपं. आतल्या खोलीत आम्ही काय करतो माहितीये? मर रोगाची बुरशी पाळतो. हो, मुद्दाम! नवीन जातीचं रोप ह्या रोगापुढे टिकतं की माना टाकतं, हे बघायचं तर रोग हाताशी नको? आता खिडकीतून बाहेर बघ. सावद्यापासून इथपर्यंत नुसती केळी. आणि ही बुरशी एकदा मातीत उतरली ना, की वर्षानुवर्षं हलत नाही. औषध मारा, जाळा, नांगरा, ती तिथेच. बुटाला लागलेल्या चिमूटभर मातीतून या बागेतून त्या बागेत जाते. म्हणजे आम्ही कापसाच्या ढिगात बसून काडेपेटी सांभाळतोय असं समज.

म्हणून मग आतल्या बुरशीत एका जेलीफिशचा जीन घातलाय. बाकी तिच्यात काही फरक नाही, फक्त निळा उजेड पाडला की ती हिरवी चमकते. आणि बाहेर यायच्या दारात ती चौकट बसवलीय. आत काम संपलं, हातमोजे काढले, हात धुतले की चौकटीत उभं राहायचं आणि दोन्ही हात पुढे करायचे. निळा उजेड पडतो, बारीक बारीक कॅमेरे नखापासून कोपरापर्यंत बघतात, आणि डोळ्याला दिसणार नाही एवढा जरी ठिपका चमकला तरी दार अडकतं आणि ती गोड आवाजात म्हणते, "कृपया हात पुन्हा दाखवा." काहीही लपत नाही आणि सगळं थेट लॅबप्रमुख भारंबे मॅडमना कळतं. मग तिला वन्सं नाही तर काय म्हणायचं?

तर ही वन्सं आली तेव्हा थंडी होती, सगळं झकास चाललं. मग लग्नसराई सुरू झाली आणि बाई वेडीच झाली! रोज कोणी ना कोणी अडकायचं. आज याच्या चुलतभावाची हळद, उद्या तिच्या मावसबहिणीची. हळदही निळ्या उजेडात चमकते, माहितीये? हिरवट पिवळी, अगदी तशीच. आणि हळद काय एका धुण्यात जाते? नखात बसते, रेषांत बसते. वन्संला वाटायचं, गळती, गळती, गळती! एकदा तर खुद्द मॅडम अडकल्या, सकाळी भाजीला फोडणी देऊन आल्या होत्या.

मग बाहेरच्या पडद्यावर दोन बटणं आली. एक "हळद", एक "गळती". आत जाणाऱ्याचा एक जोडीदार काचेबाहेर बसतो ना, त्यानं बघायचं आणि ठरवायचं. हळद दाबलं की दार उघडतं. गळती दाबलं की भोंगा, सगळी इमारत बंद, मॅडम पळत येणार. आता सांग, कोण गळती दाबणार? सगळे हळदच दाबायचे. न बघता दाबायचे. एक हात फोनवर, एक हात बटणावर. उलट जो जरा निरखून बघायचा त्याला "काय शहाणा लागून गेला" म्हणायचे. कोणाला जोडीदार घ्यायचं यावरूनही रुसवे व्हायचे, कारण सगळ्यांना पटकन दाबणारा हवा असायचा.

मी हेमांगीची जोडीदार. कायमची. हेमांगी नेहेते, तू फोटोत बघितलीयेस, ती हसताना डोळे मिटणारी. अगं, तिच्यासारखा हात आख्ख्या लॅबमध्ये नव्हता. सुई ज्योतीत धरायची, लाल करायची, त्या गाळलेल्या हवेच्या काचकपाटातच गार करायची, बुरशी वाढवायच्या बशीचं झाकण नखभर उचलायचं, बुरशी उचलायची, दुसऱ्या बशीत रेघ ओढायची, झाकण बंद. सगळं एका श्वासात. मी ते काचेतून बघत बसायचे, स्वयंपाक करताना आजी बघावी तसं.

तर तिचं लग्न ठरलं. मुलगा चिनावलचा, लोकेश वायकोळे, केळीची मोठी बाग, पोरगा इतका लाजाळू की पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा अर्धा वेळ ठिबकच्या नळीबद्दलच बोलला. आम्ही तिचं केळवण इथेच केलं, ह्याच टेबलावर. आणि मी, कोण म्हणून काय विचारतेस, मीच, घरून हळद कालवून आणली. तिचे गाल माखले, तळवे माखले. ती ओरडतेय, "ऋजुता, बास! चुड्याला नको लावूस हं, कालच भरलाय!" हिरवागार चुडा, मनगटापासून वर गच्च. कासारणीनं साबण लावून, हात पिळून पिळून भरला होता. तसे आत बांगड्या, अंगठी, घड्याळ काहीच चालत नाही. पण लग्नसराईची एक सवलत होती, नवरीनं चुडा वर सारायचा, चिकटपट्टी लावायची, वरून लांब हातमोजे. मॅडमनीच दिली होती. नवरीला चुडा काढ म्हणायची कोणाची हिंमत होणार?

केळवण झालं आणि हिला आठवलं, की आतल्या काही बशा आजच बदलायच्यात, नाहीतर बुरशी वाळून जाणार आणि कित्येक महिन्यांचं काम मातीत. मी म्हटलं, "अगं, दुसरं कोणी करेल." तर म्हणे, "दुसरं कोणी करेल आणि मी मांडवात बसून तोच विचार करेन." गेली. मी काचेबाहेर.

तेवढ्यात लोकेशची गाडी आली, ती आपोआप चालणारी. पाहुण्यांच्या जागेत उभी राहिली आणि स्वतःच हॉर्न द्यायला लागली. आत लोकेश आणि शेजारी साक्षात सासूबाई! शिवलेला ब्लाउज घालून बघायला जायचं होतं म्हणे. वायकोळेकाकू म्हणजे कशा, कडक इस्त्रीचं पातळ, नजर अशी की आपण उगाच केस सारखे करावेत. गाडीचा हॉर्न चालूच. हेमांगीला आत दिसतंय, की सासूबाई काचेपाशी येऊन उभ्या राहिल्यात. तिनं काम उरकलं, मोजे काढले, हात धुतले, चौकटीत आली.

"कृपया हात पुन्हा दाखवा."

आम्ही दोघी हसलो. तिनं पुन्हा हात दाखवले. पुन्हा तेच. ती स्पीकरमधून म्हणते, "दाब ना गं. तूच माखलंयस, आता तूच सोडव."

माझं बोट गेलंच होतं बटणावर. शप्पथ, काचेला टेकलंच होतं. आणि पडद्यावर तिचे हात दिसत होते, मोठे करून. तळवे चमकत होते, ते ठीक. नखं चमकत होती, ठीक. पण डाव्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली, दोन बांगड्यांच्या मधल्या फटीत एक हिरवी रेघ होती. आणि तिथे मी हळद लावलीच नव्हती. तिनेच लावू दिली नव्हती.

मी म्हटलं, "हेमा, मनगटाला हळद कशी लागली?"

"ओघळली असेल."

"कोरडी होती गं, ओघळेल कशी?"

"ऋजुता, सासूबाई उभ्या आहेत. दाब."

इथे बघ, देवयानी, कोणालाच कळणार नव्हतं. वन्सं मला विचारतेय, फक्त मला. मी हळद म्हटलं की हळद. हेमांगी माझी पहिलीपासूनची मैत्रीण, एका बाकावरची. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलेलं. आणि माझ्या डोक्यात काय, तर मांडव. उद्या तिच्या दारात मांडव पडणार, चारही कोपऱ्यांना केळीचे खांब बांधणार, ही त्या खांबांना हात लावणार, आख्खं गाव जेवायला येणार, आणि मग सगळे उठून आपापल्या बागेत जाणार. ती रेघ खरंच हळद असेल तर मी येडी. आणि नसेल तर?

मग मला अचानक सुचलं, आणि इतकं साधं, की मलाच हसू आलं. शाळेत केलेलं नाही का आपण, हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल होतो? कुंकू तरी कसं करतात, हळदीला चुना लावूनच ना! आणि लाल झालेल्या हळदीची चमक जाते. पण बुरशीतली चमक जेलीफिशची, तिला सोड्यानं काही होत नाही.

मी स्पीकरमध्ये ओरडले, "बेसिनशेजारी सोड्याची बाटली आहे बघ, काच धुवायची. कापसावर घे, हाताला लाव. सगळीकडे लाव, बांगड्यांच्या फटीतही."

"तुझं डोकं फिरलंय का? माझं लग्न तोंडावर आलंय, तुला प्रयोग सुचतायत!"

"लाव ना! सगळं लाल झालं तर लगेच दाबते. आईशप्पथ."

तिनं रागारागानं लावलं. तळवे बघता बघता लालभडक झाले, कुंकवाचे हात असावेत तसे. बाहेर काकू एकदम म्हणाल्या, "व माय! हे काय झालं?" हेमांगीनं हात चौकटीत धरले. निळा उजेड पडला. तळवे काळे. नखं काळी. आणि मनगटावरची रेघ तशीच्या तशी, हिरवीगार.

तिनं मनगट डोळ्यांजवळ नेलं. मग इतक्या हळू म्हणाली, की स्पीकरमधून जेमतेम ऐकू आलं, "चर्र झालं होतं गं."

मला कळलं लगेच. सुई ज्योतीतून काढली की गार करावी लागते, नाहीतर बुरशी ज्या जेलीवर वाढते तिच्यात गरम सुई टेकली की तडतडते, फोडणी उडते तशी. बारीक थेंब उडतात. हिनं, आमच्या हेमांगीनं, त्या हॉर्नच्या नादात ती गार केली नव्हती! थेंब उडाला तरी मोजा होता. पण बांगडीला सांधा असतो ना, तो जरासा वर आलेला टोकदार भाग, त्यानं मोजा आतून घासून फाडला होता, सुईच्या टोकाएवढा. आणि नेमका थेंब तिथेच.

मी गळती दाबलं.

बापरे, तो भोंगा! सगळी दारं धडाधड बंद. लोकेश गाडीतून धावत आला तर दारानं त्यालाच बाहेर अडवलं. हेमांगी काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती, आणि तिनं पाठ फिरवली. मला असं वाटलं, की झालं, संपलं, ही माझ्याशी आता जन्मात बोलणार नाही.

भारंबे मॅडम आल्या, पांढरा सूट चढवला, आत गेल्या. स्पिरिट नुसतं पुसून भागत नाही, कारण या बुरशीचे काही बीजाणू जाड कवचाचे असतात, स्पिरिटला दाद देत नाहीत. ब्लीच लागतं, नीट मुरवून. आणि बांगड्यांच्या खाली, मधे, आत ब्लीच पोचणार कसं? मॅडम स्पष्ट बोलल्या, "हेमांगी, चुडा उतरवावा लागेल."

हेमांगी रडायलाच लागली. "मॅडम, या निघत नाहीत. फोडाव्याच लागतील. लग्नाच्या तोंडावर चुडा फोडला तर... आई मला..." आणि तिनं काचेतून काकूंकडे बघितलं.

मी पण बघितलं. मॅडमनी पण. सगळे काकूंकडे. काकूंनी काचेतून तिचा हात निरखून बघितला. मग त्यांनी मला विचारलं, "ए पोरी, त्या हाताला लागलंय ते म्हणजे तेच ना? ज्यानं पानं पिवळी पडून खाली लोंबतात?"

म्हटलं, "हो काकू."

"फोटोत बघितलंय मी. लोकेश दाखवतो, आणि मग मला जेवण जात नाही." त्या स्पीकरपाशी आल्या, अगदी तोंड लावून, फोनवर लांबच्या गावाला बोलावं तसं ओरडून बोलल्या, "हेमांगी! रडू नको. वाढव चुडा. दुसरा भरू. काय कोणी म्हणालं तर माझं नाव सांग."

त्यावर मॅडम म्हणतात, "थांबा, थांबा. वाढवायचा कशाला? मी अडावदची आहे, माझ्या शेजारी कासार राहायचे." आणि त्यांनी एक नवा कोरा हातमोजा घेतला, हेमांगीच्या हातावर चढवला, वरून हात धुवायचा साबण ओतला, आणि त्या निसरड्या मोज्यावरून एक एक बांगडी अश्शी सुळ्ळकन काढली! ज्या मोज्यानं दगा दिला त्याच्याच भावानं सोडवलं. एक सोडून सगळ्या अखंड निघाल्या. ती एक सांध्यापाशी आधीच तडकली होती, तीच ती मोजा फाडणारी. ती वाढली. पण हेमांगी तेव्हा रडली नाही. म्हणाली, "जाऊ दे, तीच नालायक होती."

मग तिचं हात धुणं, ब्लीच, आंघोळ, कपडे बदलणं, पुन्हा वन्संपुढे. अंधार. एक ठिपका नाही. धुतलेलं सगळं पाणीही टाकीत साठवून शिजवतात, ते वेगळं.

राहिल्या बांगड्या. मी म्हटलं, "मॅडम, काचच आहे ना? ऑटोक्लेव्ह करू!" म्हणजे आपला तो मोठा प्रेशर कुकर, ज्यात वाफ दाबून सगळं निर्जंतुक करतात, पाणी उकळतं त्याच्यापेक्षा कितीतरी गरम. बांगड्या जाळीच्या पेटीत घातल्या, वर ती पट्टेवाली चिकटपट्टी लावली आणि ढकलल्या आत.

तोवर काकूंना पाहुण्यांच्या खोलीत चहा दिला होता. त्या विचारतात, "कुकर म्हणता, मग शिट्ट्या किती?"

मॅडम म्हणाल्या, "याला शिट्टी नसते काकू. काटा चढतो."

"मग झालं हे कळतं कसं? काट्याचा काय भरवसा?"

"म्हणून तर पट्टी. आत जाताना तिच्यावरचे पट्टे फिके असतात. वाफ नीट बसली की काळे होतात."

काकूंना हे भलतंच पटलं. कुकर उघडला तर पट्टे काळेकुट्ट, आणि बांगड्या हिरव्यागार! चमकी तेवढी सगळी उडाली होती. काकूंनी एक बांगडी उजेडात धरली, बोटानं वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "एवढ्या स्वच्छ बांगड्या कोणत्याच सुनेनं घातल्या नसतील आमच्याकडे."

आणि हेमांगी? जाताना माझ्याशी बोलली नाही. एक शब्द नाही. मी घरी गेले, जेवले नाही. आई म्हणे, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मी बरोबर वागले." आणि रडले.

दुसऱ्या दिवशी तिची हळद. जावं की नाही? गेले. भिंतीला टेकून उभी राहिले, कोपऱ्यात. सगळ्या बायका तिला हळद लावतायत, गाणी म्हणतायत. आणि ही एकदम पाटावरून उठली, तशीच माखलेली, सरळ माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले आणि मनगटाला हळद फासली. तळव्याला नाही, मनगटाला! आणि म्हणते, "आता जा वन्संपुढे आणि सांग, ही कोणी लावली." आणि हसली, डोळे मिटून. मी तिच्या खांद्यावर इतकी रडले, की माझी कोरी ओढणी पिवळी झाली, अजून तशीच आहे, धुतली नाही मी.

मग तिनं हात वर केला. चुडा पुन्हा भरला होता, तोच, चमकी नसलेला. वाढलेल्या बांगडीच्या जागी एक नवी, तिची चमकी वेगळीच दिसत होती. आणि मधल्या एका बांगडीला काहीतरी गुंडाळलेलं. मी वाकून बघितलं तर ती चिकटपट्टी! काळ्या पट्ट्यांची, इवलासा तुकडा.

"हे काय गं?"

"सासूबाईंनी लावलं. म्हणे काळं आहे, दृष्ट लागणार नाही."

चार वर्षं झाली. केळीचे ते मांडवाचे खांब कोणाच्याही बागेत काही घेऊन गेले नाहीत. लोकेशची बाग बघ जाऊन, घड असे की टेकू द्यावे लागतात. वन्संचं हळदीचं बटण गेलं, त्या जागी सोड्याचा बोळा आला. हात कितीही स्वच्छ असले तरी चौकटीपुढे उभं राहण्याआधी सोडा लावायचा, लाल व्हायचं, मगच. चुड्याची सवलतही गेली. आणि आता या भागातल्या कासारणी लॅबच्या पोरींना विचारूनच माप घेतात, साबणानं निघेल असं, जरासं सैल.

तर देवयानी, हळद फाटकाबाहेर गेल्यावर आम्ही सगळ्या मिळून लावू, हवी तितकी. आता हात पुढे कर बघू. चुडा कधी भरतेयस? परवा? बरं. मग आज जाताना माझ्या कपाटातून चिकटपट्टीचा तुकडा घेऊन जा. काळे पट्टे आलेला. सासूबाईंना सांग, लॅबकडून आहेर आहे.